मॉर्टीचा झरा आणि नोरीनचा खड्डा

मशीनने वरचं गवत आणि चिखल अलगद खरवडून काढला, तशी खाली काळी माती दिसायला लागली, आणि नोरीन कॉन्सिडीनच्या डोक्यात तिडीक गेली. तिला दुसरं काही बघायची गरजच नव्हती. कोळशाची भुकटी, आणि तिच्यात आगीने तडकलेले मुठीमुठीएवढे दगड, पोती भरून ओतल्यासारखे.

"बर्न्ट माउंड," मशीनच्या पलीकडून योलांता म्हणाली. योलांता पोलंडची. क्लेअर काउंटीतल्या चिखलात नोरीनच्या हाताखाली तिसरं वर्ष काढत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. "अजून एक जळक्या दगडांचा ढीग. अभिनंदन."

"तू गप्प बस हं."

रस्ता व्हायच्या आधी त्याच्या वाटेवर काय पुरलंय ते बघून, खणून, नोंदवून मोकळं करायचं, हे नोरीनचं काम. आयर्लंडभर नवे रस्ते होत होते आणि प्रत्येक रस्त्याच्या पुढे तिच्यासारख्यांची टोळी गुडघ्यावर बसून माती खरवडत होती. बाकीच्यांना काय काय सापडायचं! कुणाला राजाची गढी, कुणाला आख्खी दफनभूमी, कुणाला काचमण्यांची माळ. नोरीनच्या वाट्याला जळके दगड. पहिल्यांदा योगायोगाने, मग "तुला त्याचा अनुभव आहे ना" म्हणून, आणि मग सवयीने. पाणथळ जागा आली की ऑफिसात कुणीतरी म्हणायचंच, "नोरीनला पाठवा."

गॅरेजवाल्या कॉन्सिडीनची ही थोरली. शाळेत हुशार, कॉलेजात हुशार. आईला वाटलं होतं मुलगी म्युझियममध्ये टेबलामागे बसेल. बसली ती दलदलीत. एक लग्न झालं होतं, ते भांडण न होताच संपलं. वर्षातले बहुतेक महिने ती कुठल्या तरी रस्त्याकडेला भाड्याच्या खोलीत, आणि घरी आली की गमबुटांचा वास आणि दुखरे गुडघे घेऊन. नवऱ्याने एका रविवारी फार सभ्यपणे विचारलं होतं, "तू इथे राहतेस की येतेस?" आता पन्नाशी जवळ आली होती आणि डावा गुडघा वाकवताना ती मोठ्याने शिव्या द्यायची. कामावरच्या सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

आणि त्यात हा प्रश्न. जो येईल तो कुंपणाशी उभा राहून हाच विचारायचा.

"मग हे कशासाठी होतं?"

"दगड तापवायचे, पाण्यात टाकायचे, पाणी उकळायचं. दगड तडकले की बाजूला फेकायचे. त्याचा हा ढीग."

"हो, पण पाणी उकळायचं कशासाठी?"

"नक्की माहीत नाही."

हे उत्तर आजवर एकाही माणसाने स्वीकारलं नव्हतं. गावातली पबवाली म्हणाली, बीअर बनवायला, दुसरं काय. फादर म्हणाले, अंघोळीला. शाळेचे हेडमास्तर आले, त्यांनी मटण शिजवण्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि नोरीन पावसात करणी हातात धरून ऐकत उभी राहिली. शेवटी ती म्हणाली, "सर, तुमच्या पायाखाली माझी मोजपट्टी आहे."

या सगळ्यांवर ताण म्हणजे फर्गल. फर्गल लावेल रस्त्याचा इंजिनीअर. वयाने लहान, पिवळं जाकीट इस्त्री केल्यासारखं, आणि गाडीतून उतरायच्या आधीच काच खाली करून बोलायला सुरुवात.

"नोरीन! झालं का?"

"फर्गल, तू काल संध्याकाळी हेच विचारलंस."

"हो, म्हणून म्हटलं, काही प्रगती?"

"आहे ना. मधे रात्र झाली. आम्ही झोपलो."

"मला फक्त एक तारीख दे."

"पाणी बंद कर, तारीख देते."

कारण पाणी थांबतच नव्हतं. ढिगाच्या मधोमध खोलगट जागा होती आणि तिच्यात खालून सतत पाणी झिरपत होतं. म्हणून फर्गलने एक मोठा डिझेल पंप आणून बसवला होता. तो दिवसरात्र घरघरायचा, खड्डा कोरडा ठेवायचा आणि पाणी रस्त्याच्या नव्या गटारात सोडायचा. त्या आवाजात एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे बसायचे आणि सगळे उगाचच एकमेकांवर चिडलेले असायचे.

खोलगट जागेतला गाळ काढता काढता एका दुपारी योलांताची करणी लाकडाला लागली. कडेकडेने दोन दिवस खरवडल्यावर दिसलं ते एक ओकचं खोड होतं, आतून कोरून काढलेलं. डोणी. पाणी उकळायची डोणी, कोरणाऱ्याच्या कुऱ्हाडीचे घाव जसेच्या तसे. नोरीनने आयुष्यात अशा पुष्कळ जागा खणल्या होत्या. बहुतेक ठिकाणी नुसता खड्डा असायचा, कुठे चार कुजक्या फळ्या. अख्ख्या खोडाची डोणी तिला पहिल्यांदाच मिळत होती. ती चिखलातच फतकल मारून बसली. योलांताला काळजी वाटून तिने थर्मासमधला चहा आणून दिला.

"काय झालं?"

"कुंपण बघ," नोरीन म्हणाली.

डोणी अर्धी इकडे होती. उरलेली अर्धी तारेच्या कुंपणाखालून पलीकडच्या शेतात गेली होती. कुंपणापर्यंत रस्त्याची हद्द, त्यापुढची जमीन मॉर्टी हेहिरची, आणि खणायची परवानगी हद्दीपुरतीच.

फर्गलने येऊन बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "मग कुंपणाशी कापूया की. चांगली करवत आहे आमच्याकडे."

नोरीनने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो एक पाऊल मागे सरकला आणि त्याच्या इस्त्रीच्या पँटचा पाय गाळात गेला.

"साडेतीन हजार वर्षं ती एका तुकड्यात राहिली आहे, फर्गल."

"मी आपला पर्याय सुचवला."

"सुचवू नकोस."

म्हणजे मॉर्टी हेहिरकडे जाणं आलं. मॉर्टीला कामावरचा प्रत्येक जण ओळखत होता, कारण तो रोज सकाळी कुंपणापलीकडे येऊन हातवारे करत ओरडायचा. पंपाच्या घरघरीत त्याचं अक्षरही कुणाला ऐकू यायचं नाही. नव्या रस्त्याने त्याचं शेत मधोमध चिरलं होतं, घर एका बाजूला आणि अर्धं कुरण दुसऱ्या बाजूला. त्यामुळे सगळे समजायचे की तो त्याबद्दलच ओरडतोय, आणि हात हलवून त्याला नमस्कार करायचे.

नोरीन संध्याकाळी त्याच्या दारात गेली. सत्तरीचा, उभा वाळलेला माणूस. घरात एकटाच, रेडिओवर हर्लिंगची मॅच लागलेली. त्याने दार अर्धंच उघडलं.

"मी नोरीन कॉन्सिडीन. पलीकडे खणतेय ती."

"माहीत आहे कोण ते. नमस्कार करता ना रोज."

"मिस्टर हेहिर, तुमच्या कुंपणाखाली एक लाकडी डोणी..."

"माझ्या पणजोबांची आहे ती. डुक्कर मारल्यावर उकळत्या पाण्यात घालून सोलायला. मला काय सांगता?"

"नाही हो, ती फार जुनी आहे. ब्राँझ युगातली."

"माझे पणजोबाही जुनेच होते."

"आम्हाला तुमच्या बाजूने जरासं खणायचंय. चार पावलं."

"माझ्याकडून अजून जमीन पाहिजे?" म्हातारा थंडपणे म्हणाला. "वा. छान. आधी पाणी घेतलंत, आता उरलेली माती न्या." आणि त्याने दार लावलं. आतून मॅचचा आवाज मोठा झाला.

पाणी घेतलंत म्हणजे काय, हे नोरीनच्या डोक्यात शिरलंच नाही. ती इतकी वैतागली होती की गाडीपर्यंत मॉर्टी, त्याचे पणजोबा आणि पणजोबांची डुकरं, सगळ्यांचा उद्धार करत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर पोचली तर योलांता वाटेतच हात पसरून उभी. "नोरीन, आधी चहा घे. मग बघ."

"काय बघू?"

"आधी चहा घे ना."

मॉर्टीच्या सगळ्या कालवडी खड्ड्यात होत्या. कुंपणाचा एक खांब आडवा पाडून आत आल्या होत्या आणि काळ्या मातीत पोटऱ्यांपर्यंत रुतून डोणीच्या तळाशी साचलेलं बोटभर पाणी चाटत होत्या. त्यासाठी एकमेकींना ढुशा देत होत्या. नोरीनने आठवडाभर घासून-पुसून साफ केलेली ढिगाची कापीव भिंत, जिच्यात एकेक थर वाचता येत होता, तिच्यावर खुरांचे ठसे होते आणि मधोमध शेण. एक कालवड डोणीत पुढचे दोन पाय ठेवून उभी होती आणि नोरीनकडे बघत होती.

नोरीन ओरडली. पंपापेक्षा मोठ्याने ओरडली. तोवर कुंपणापलीकडून मॉर्टी काठी घेऊन येत होता, आणि तोही ओरडत होता.

"तुमची जनावरं आवरा! आठवड्याचं काम गेलं माझं!"

"माझी जनावरं? माझी जनावरं तहानेने मरतायत बाई!"

"मग त्यांना पाणी पाजा! माझ्या अंगावर कशाला सोडता?"

"कुठून पाजू? कुठून पाजू, सांग! इकडे ये. ये इकडे, दाखवतो तुला. रोज सांगतोय तर हात हलवून दाखवतात, मी काय जत्रेतला हत्ती आहे?"

त्याने तिला दंडाला धरून अक्षरशः कुंपणावरून ओढून नेलं. त्याच्या शेताच्या उतारावर, काटेरी झुडपांच्या आडोशाला, दगडांनी बांधलेलं एक लहानसं कुंड होतं. त्यात पाणी नव्हतं. तळाला शेवाळं सुकून त्याची खपली निघाली होती आणि भोवतीची माती कालवडींनी तुडवून तुडवून विटेसारखी केली होती. त्याच्यापासून नोरीनचा खड्डा हाकेच्या अंतरावर होता आणि पंपाचा आवाज इथेही तितकाच ऐकू येत होता.

"बापाच्या आयुष्यात आटला नाही," मॉर्टी म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "माझ्याही नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा नाही. तुमचं ते मशीन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी हे असं. मी नळावरून बादल्या वाहतोय. या वयात किती वाहू?"

नोरीन कुंडाकडे बघत राहिली. तिला पुढचं सगळं एकदम कळलं आणि कळल्याबरोबर स्वतःचाच इतका राग आला की तो कुठे ठेवावा ते सुचेना. झरा एकच होता. ती रोज तो उपसून गटारात सोडत होती.

"तुम्ही कुणाला सांगितलंत का हे?"

"सांगितलं? रस्त्याच्या ऑफिसला फोन केला. म्हणाले, पंप पुरातत्त्ववाल्यांसाठी आहे, त्यांना विचारा. तुमच्या ऑफिसला केला. तिथली मुलगी म्हणाली, पंप इंजिनीअरचा आहे, त्यांना विचारा. मग तो पिवळा मुलगा आला, त्याला सांगितलं. म्हणाला, नोंद घेतो."

"फर्गल?"

"नाव नाही विचारलं. बूट फार स्वच्छ होते."

नोरीन परत निघाली. डावा गुडघा दुखत होता तरी ती इतकी झपाझप चालली की मॉर्टी मागे पडला. खड्ड्याशी येऊन तिने कुणाला काही न विचारता पंप बंद केला.

असली शांतता त्या शेतात महिनाभरात कुणी ऐकली नव्हती. एक कालवड हंबरली आणि सगळ्यांनी दचकून तिच्याकडे बघितलं.

मग सगळ्यांनी मिळून, योलांता, मॉर्टी आणि खणणारी सगळी मुलं, कालवडींना ढकलून बाहेर काढलं. खांब पुन्हा उभा केला. तोवर फर्गल आला.

"पंप का बंद आहे?"

"मी केला."

"नोरीन, खड्डा भरेल."

"भरू दे."

"भरू दे? मला पुढच्या सोमवारी इथे खडी टाकायची आहे आणि तू म्हणतेस भरू दे?"

"या माणसाने तुला झरा आटल्याचं सांगितलं होतं?"

फर्गल गडबडला. "मी नोंद घेतली होती."

"कशात घेतलीस? डोक्यात?"

"हे बघ, एका शेतकऱ्याच्या बादलीभर पाण्यासाठी..."

"मग ऐक. त्याच्या जनावरांसाठी रोज टँकर येईल. तुझ्याकडून. झरा परत वाहता होईल अशी सोय तू त्या गटारात करशील, आणि ती कागदावर असेल. तोवर पंप लागणार नाही. पंप नाही तर मी खणणार नाही, आणि मी सही केल्याशिवाय तुझी एक खडीही इथे पडणार नाही. आता जा आणि फोन कर. माझ्यावर ओरडायचं असेल तर नंतर रांगेत उभा राहा, तुझ्या आधी मी स्वतःच आहे."

फर्गल फोन कानाला लावून चिखलातून फेऱ्या मारत राहिला. त्याचा चेहरा लाल होत होता आणि पाय काळे.

इकडे खड्डा भरत होता. काम थांबलं होतं म्हणून सगळे कडेला बसून सँडविचं खात होते. मॉर्टी कुंपणाला टेकून उभा होता, जायचं नाव घेत नव्हता. योलांताने त्याला चहा दिला. साखर कमी आहे म्हणून त्याने तोंड वाकडं केलं आणि पिऊन टाकला.

पाणी आधी गढूळ आलं. कालवडींनी केलेला राडा वर आला, फिरला, हळूहळू खाली बसला. मग डोणीच्या तळाकडून नितळ पाणी चढायला लागलं. कुऱ्हाडीचे घाव एकेक करून पाण्याखाली गेले आणि पाण्याखाली जास्तच स्पष्ट दिसायला लागले. काठापासून वीतभर खाली येऊन पाणी थांबलं. वर चढेना, खाली उतरेना.

नोरीनच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं.

आयुष्यभर तिने अशा जागा खणल्या होत्या आणि प्रत्येक वेळी पहिलं काम काय, तर पाणी उपसून टाकायचं. पाणी म्हणजे अडचण, पाणी म्हणजे भिंती कोसळणार, पाणी म्हणजे फर्गलसारख्यांची कटकट. भरलेली डोणी तिने कधी बघितलीच नव्हती. आणि आता बघत होती तर कोरणाऱ्याने नेमकी किती खोल कोरली आणि का, हे समोर दिसत होतं. झऱ्याची पातळी त्याला ठाऊक होती. घागर घेऊन कुणाला जावं लागत नव्हतं, डोणी आपली आपण भरत होती, वापरली की पुन्हा भरत होती.

"योलांता," ती म्हणाली, "मोजपट्टी आण. आणि कॅमेरा. लवकर."

"आता तर काम बंद आहे ना?"

"आण गं बाई!"

दुपारभर ती पाण्यात कोपरापर्यंत हात घालून मोजत राहिली. पाणी बर्फासारखं होतं. बादलीने उपसून पुन्हा किती वेळात भरतं ते बघितलं, पुन्हा उपसून पुन्हा बघितलं. मॉर्टी कुंपणावर वाकून सूचना देत होता. त्या सगळ्या चुकीच्या होत्या, पण त्याने त्या न थांबता दिल्या.

"डुक्कर मावतं बघ बरोबर," तो शेवटी समाधानाने म्हणाला.

"मावतं," नोरीन म्हणाली. वाद घालायची ताकद नव्हती.

संध्याकाळी तो कुंडाकडे जाऊन आला. येताना त्याच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. ते त्याने पँटला पुसलं आणि नोरीनला म्हणाला, "या बाजूने खणायचं असेल तर खणा. पण गवताचे चौकोन नीट कापून ठेवायचे आणि परत लावायचे. आणि त्या पिवळ्या मुलाला माझ्या हद्दीत पाय टाकू द्यायचा नाही."

"मिस्टर हेहिर, खरंच आभार..."

"आभार नकोत. नमस्कारही नको. पुरे झाले ते."

टँकर आला, कागद आला. वरच्या ऑफिसातून परवानगी आली. ती येईपर्यंत नोरीनने फोनवर इतक्या जणांशी भांडण केलं की तिचा आवाज पूर्ण गेला आणि शेवटचे दोन दिवस तिच्या वतीने योलांता भांडली, ती जास्त परिणामकारक ठरली. डोणी एका तुकड्यात निघाली. ओल्या स्पंजात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पट्टे लावून क्रेनने उचलली तेव्हा पाऊस मुसळधार लागला होता, त्यामुळे तो प्रसंग कुणाच्या फोटोत नीट आलाच नाही. पबवालीने सगळ्यांना एकेक बीअर पाजली आणि म्हणाली, "बघा, मी म्हणत होते ना?" तिने काय म्हटलं होतं ते कुणालाच आठवेना.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नोरीनने मॉर्टीला फोन करून सांगितलं की लाकूड ब्राँझ युगातलंच आहे.

"लॅब चुकली असेल," मॉर्टी म्हणाला.

ढीग गेला. जळके दगड ट्रकांनी नेले, खड्डा भरला, वर खडी आली, डांबर आलं. फर्गलने गटारात पाइप टाकून झऱ्याला वाट दिली होती, कागदावर होती तशीच. मॉर्टीच्या कुंडात पाणी आलं, पण पूर्वीइतकं नाही. कालवडींना पलीकडच्या कुरणात जाता यावं म्हणून रस्त्याखालून, बुजवलेल्या खड्ड्याच्या शेजारीच, एक सिमेंटचा बोगदा करून दिला होता.

रस्ता सुरू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात नोरीनला मॉर्टीचा फोन आला. ती तेव्हा टिपेररीतल्या कुठल्याशा चिखलात होती.

"ताबडतोब ये."

"काय झालं?"

"फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ये आणि बघ काय करून ठेवलंय या लोकांनी."

ती शिव्या देत दीड तास गाडी चालवत गेली. मॉर्टी बोगद्याच्या तोंडाशी काठी टेकून उभा होता. वरून मोटारी सुसाट जात होत्या. बोगद्याच्या जमिनीला मधोमध भेग पडली होती आणि तिच्यातून नितळ पाणी उसळून वर येत होतं. बोगदा पार घोट्यापर्यंत भरला होता. सगळ्या कालवडी आत उभ्या होत्या, माना खाली घालून पाणी पीत. पुढे जात नव्हत्या, मागे येत नव्हत्या.

"सकाळपासून," मॉर्टी म्हणाला. "कुरणात जायचं नाव नाही. इंजिनीअर येऊन गेला. पंप बसवतो म्हणाला."

"फर्गल?"

"तोच. बूट काळे होते या वेळी."

नोरीन पाण्यात उतरली. गमबुटाच्या भेगेतून पाणी आत शिरलं, गार. तिने सगळ्यात जवळच्या कालवडीच्या ढुंगणावर जोरात थाप मारली. कालवडीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

"हल की गं, बये!" नोरीन ओरडली. बोगद्याने ते तिला परत ऐकवलं.

"उगाच घसा फोडू नकोस," मॉर्टी म्हणाला आणि काठी घेऊन तोही पाण्यात उतरला. "तू त्या कडेने ये. मी इकडून ढकलतो."